शोधपत्रकार, शास्त्रज्ञ आणि अनुदानाचा पैसा

या महिन्याच्या टपालात चार पत्रे एकाच विषयाची निघाली. एक चिपळूणच्या मुक्त पत्रकाराचे, दुसरे कराडच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेचे, तिसरे पुण्याच्या एका जुन्या आणि नेहमीप्रमाणे शंकेखोर वाचकाचे, आणि चौथे केवळ दोन ओळींचे पोस्टकार्ड. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे वगळली आहेत आणि प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न १ : लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या विहिरींत आणि दाभोळच्या खाडीत ‘पीफास’ गटातील रसायने आहेत का, याचा शोध घेण्याची माझी इच्छा आहे. ओळखीच्या एक विज्ञान-प्राध्यापिका मदतीला तयार आहेत. युरोपात शोधपत्रकार आणि शास्त्रज्ञ यांच्या संयुक्त पथकांना अनुदान मिळते, असे वाचले. ते आम्हाला मिळू शकेल का, आणि अर्जात काय लिहावे?

उत्तर : अर्जाकडे वळण्यापूर्वी, ज्या युरोपीय कामाविषयी आपण वाचलेत ते कसे झाले हे पाहू, कारण अनुदान देणाऱ्यांनी पैसे नेमके कशासाठी मोजले हे त्यातूनच कळते. पीफास हा हजारो रसायनांचा गट आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातील बंध फार चिवट असल्यामुळे ही रसायने निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे कपडे, तेलाची आग विझवणारा फेस अशा अनेक ठिकाणी ती वापरली गेली आणि तिथून माती-पाण्यात उतरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रान्सचे ‘ल मोंद’, जर्मनीचे ‘झ्युडडॉइच त्साइटुंग’ आणि इतर देशांतील अनेक वृत्तसंस्थांनी मिळून युरोपातील दूषित जागांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात १७,००० हून अधिक ठिकाणी प्रदूषण प्रत्यक्ष मोजलेले होते, आणि त्यांपैकी २,१०० हून अधिक ठिकाणी ते धोक्याच्या पातळीवर, म्हणजे लिटरमागे १०० नॅनोग्रॅमच्या वर होते (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). याखेरीज सुमारे २१,५०० ठिकाणे अशी दाखवली होती की जिथे कोणी मोजमाप केलेलेच नव्हते, परंतु तिथल्या उद्योगाचे किंवा वापराचे स्वरूप पाहता प्रदूषण असल्याचे गृहीत धरणे रास्त होते.

मोजलेले आणि गृहीत धरलेले या दोहोंतील भेद त्या नकाशावर कुठेही पुसलेला नाही, आणि माझ्या मते त्या कामाचा सगळा कस इथे आहे. जागा ‘दूषित असावी’ असे कोणत्या निकषांवर म्हणावे, याची पद्धत अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये शोधनियतकालिकात प्रसिद्ध केली होती. अग्निशामक फेस वापरणारे विमानतळ आणि लष्करी तळ, ठरावीक प्रकारचे कारखाने, सांडपाणी व कचरा प्रक्रिया केंद्रे, अशी त्या निकषांची साधारण जात आहे. पत्रकारांनी ती पद्धत युरोपला लावली, जिथे ती जशीच्या तशी लागू पडेना तिथे ती बदलली, आणि प्रत्येक बदल शास्त्रज्ञांकडून तपासून घेतला. वृत्त आधी छापले गेले आणि त्यामागची पद्धत सांगणारा शोधनिबंध पुढे २०२४ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आला. जानेवारी २०२५ मध्ये या कामाचा दुसरा टप्पा प्रसिद्ध झाला, त्यात १६ देशांतील ४६ पत्रकार होते. ही रसायने अशीच बाहेर पडत राहिली तर युरोपच्या सफाईचा खर्च २० वर्षांत सुमारे २ लाख कोटी युरोंवर जाईल, हे गणित त्यांनी संशोधकांच्या सोबतीने मांडले.

पहिल्या टप्प्याला ब्रुसेल्सच्या ‘जर्नलिझमफंड युरोप’चे आणि ‘इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम फॉर युरोप’ या योजनेचे अर्थसाहाय्य होते. त्या पैशातून काय विकत घेतले गेले, तर मुख्यतः वेळ. डझनभर देशांतील सरकारी दप्तरांत विखुरलेले मोजमापाचे आकडे मागवणे, ते एका तक्त्यात आणणे, एकके जुळवणे, शंका आली की पुन्हा विचारणे, हे सारे कंटाळवाणे काम आहे आणि कोणतेही दैनिक आपल्या पगारपत्रकातून त्यासाठी महिनेच्या महिने देणार नाही.

आता लोट्याविषयी. आपण हा विषय निवडला त्याला सबळ कारण आहे आणि ते थेट त्या युरोपीय नकाशाशी जोडलेले आहे. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो येथे ‘मितेनी’ नावाचा कारखाना पीफास बनवीत असे. तिथल्या भूजलाचे प्रदूषण २०१३ मध्ये इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानंतर उजेडात आले. सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला, २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले, आणि जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून एकत्रित १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. दरम्यान त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय रसायन उद्योगाच्या उपकंपनीने घेतली आणि ती लोट्याला आली. हे सर्व उघड नोंदींतले आहे. मात्र यंत्रे आली म्हणजे प्रदूषणही आले, असे म्हणण्याचा अधिकार या घटकेला आपल्याला नाही, मलाही नाही. त्या युरोपीय पद्धतीने पाहिले तर ‘इथे मोजून पाहायला हवे’ एवढेच या माहितीवरून निघते. अर्जाचे पहिले वाक्य याच मर्यादेत लिहा. लोट्याच्या सांडपाण्याची तक्रार तशी जुनीच आहे, २०११ च्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या अहवालातही तिची दखल आहे, आणि खाडीवर जगणारे मच्छीमार त्याआधीपासून बोलत आहेत. परंतु ती तक्रार अनेक रसायनांची आहे. तिच्या जोरावर एका विशिष्ट गटाविषयी विधान करू गेलात तर पहिलाच जाणकार वाचक आपल्याला अडवील.

पैशाचे म्हणाल तर युरोपचा पैसा चिपळूणला सरळ येऊ शकत नाही. परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ३ मध्ये ज्यांना परदेशी अंशदान स्वीकारण्यास मनाई आहे त्यांची यादी आहे. त्या यादीत निवडणुकीचे उमेदवार आणि राजकीय पक्ष यांच्याबरोबर नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक हेही आहेत. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून बातम्या व चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था आणि त्यांचे वार्ताहरही त्यात येतात. कलम ४ ने केलेल्या कामाचा मोबदला या मनाईतून वगळला आहे. एखाद्या परदेशी नियतकालिकाने लेख मागवून मानधन दिले, तर ती गोष्ट वेगळी. परंतु अनुदान म्हणजे मानधन नव्हे, आणि एकाला दुसऱ्याचे नाव देऊन काम भागवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या सहकारी प्राध्यापिकेच्या संस्थेने पैसे घेऊन आपल्याकडे वळते करावेत, ही वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे, कारण नोंदणी असलेल्या संस्थेलाही परदेशी अंशदान आता दुसऱ्याकडे हस्तांतरित करता येत नाही. आपण ‘मुक्त पत्रकार’ म्हणून त्या यादीत बसता की नाही, हा प्रश्न आपल्या लेखांचे आणि करारांचे स्वरूप पाहूनच सुटेल. तेव्हा अर्जाआधी वकिलाचे लेखी मत घ्या.

पैशाखेरीज परदेशातून जे मिळू शकते ते मात्र थोडे नाही. युरोपीय गटाने आपली पद्धत उघड प्रसिद्ध केली आहे आणि तिच्या वापरासाठी कोणाच्या खात्यात काही जमा व्हावे लागत नाही. पीफासची मोजमापे वाचून मत देऊ शकणारा तज्ज्ञ त्रिस्सिनोच्या परिसरात अनुभव घेतलेला असेल तर आपला अहवाल तपासण्यास त्याच्याइतका योग्य माणूस शोधून सापडणार नाही.

देशातला पैसा दोन दारांनी येतो आणि दोन्ही दारे अर्धवटच उघडी आहेत. विज्ञानाच्या बाजूने, २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आणि राज्याचा राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग हे संशोधन प्रकल्पांना निधी देतात. तो प्राध्यापिकेच्या संस्थेमार्फत मिळतो आणि त्यात पत्रकाराच्या पगाराला जागा नसते. पत्रकारितेच्या बाजूने, २०१५ पासून बंगळुरूचे ‘इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन’ भारतीय दात्यांच्या पैशातून माध्यमांना साहाय्य करते, आणि तिथे प्रयोगशाळेच्या देयकाची गरज कोणाच्या चटकन लक्षात येत नाही. म्हणून मी असे सुचवीन की दोन अर्ज करावेत, एक विज्ञानाचा आणि एक वृत्तांताचा, आणि दोन्हींत दुसऱ्याचा स्पष्ट उल्लेख असावा. एकाच कामाचे पैसे दोन दात्यांकडून घेतल्याचा संशय पुढे येऊ द्यायचा नसेल, तर कोणता खर्च कोणाच्या खात्यावर, हे पहिल्याच दिवशी कागदावर आलेले बरे.

अंदाजपत्रकाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक अर्ज तिथेच कोसळतात. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका ओढ्याचे पाणी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून एका प्रयोगशाळेत घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने बाटली उजेडात धरली आणि विचारले, कधी भरली, कोणी भरली, इथे येईपर्यंत कुठे होती? तिन्ही उत्तरे मला तोंडी देता आली आणि एकही लेखी देता आले नाही. त्याने बाटली परत माझ्या हातात ठेवली. पीफासच्या बाबतीत तर प्रश्न लिटरमागे काही नॅनोग्रॅमचा आहे. नमुना घेणाऱ्याच्या अंगावरचा जलरोधक रेनकोट, नळाच्या आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉनची पांढरी पट्टी, यांतूनही आकडा बिघडू शकतो, आणि पावसाळ्यात रेनकोट न घालता कोकणात विहिरीवर उभे राहायला सांगणे म्हणजे काय, हे आपणास ठाऊकच आहे. म्हणून प्रत्येक फेरीत एक ‘कोरा’ नमुनाही हवा. प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी न्यायचे, विहिरीच्या काठावर ते उघडून नमुन्यांच्या बाटल्यांसारख्याच बाटलीत ओतायचे, आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर बर्फाच्या पेटीतून परत आणायचे. त्यात काही सापडले तर ते विहिरीतले नव्हे, आपल्या हातचे. कोऱ्या नमुन्याच्या तपासणीलाही तेवढेच पैसे पडतात आणि अर्जात तो नेमका विसरला जातो. दुसरी फेरीही तशीच विसरली जाते. एप्रिल-मे महिन्यांत विहीर तळाला गेलेली असते, तर ऑक्टोबरात ती काठोकाठ असते, आणि या दोन आकड्यांत फरक पडणारच. एकाच फेरीवर वृत्त छापले तर कारखान्याचा तज्ज्ञ पहिला प्रश्न ऋतूचा विचारील.

चाचणी कोणती, हाही पैशाचाच प्रश्न आहे. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने १३ ब्रँडचा मध तपासला. आधी गुजरातेतील प्रयोगशाळेत प्रचलित चाचण्या केल्या, त्यांत बहुतेक मोठे ब्रँड शुद्धतेच्या कसोटीला उतरले. मग तोच मध जर्मनीत अणुचुंबकीय अनुस्पंदन (एनएमआर) या अधिक सूक्ष्म पद्धतीने तपासला तेव्हा १३ पैकी केवळ ३ ब्रँड उत्तीर्ण झाले. कंपन्यांनी तो निष्कर्ष नाकारला आणि वाद झाला, पण दुसऱ्या चाचणीपुरते पैसे हाताशी नसते तर वाद होण्याइतकेही काही हाती आले नसते.

एका गोष्टीची जाणीव आधीपासून असू द्या. आपण घेतलेला नमुना कारखान्याविरुद्धच्या खटल्यात पुरावा म्हणून उभा राहणार नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे त्यासाठी अधिकृत अधिकाऱ्याने, मालकाला नोटीस देऊन, नमुन्याचे भाग करून, मोहोरबंद करून तो घ्यावा लागतो. त्यातच पिण्याच्या पाण्यातील पीफाससाठी आपल्याकडे बंधनकारक मर्यादा नाही. युरोपीय संघाने वीस पीफासच्या बेरजेला लिटरमागे १०० नॅनोग्रॅमची मर्यादा घातली आहे, अमेरिकेने २०२४ मध्ये दोन प्रमुख रसायनांना प्रत्येकी ४ नॅनोग्रॅमची. आपला आकडा कोणत्या मर्यादेशी ताडणार, हे आकडा येण्यापूर्वी ठरवा आणि अर्जात लिहा, कारण आकडा आल्यावर सोयीची मर्यादा निवडण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

माहितीच्या अधिकाराचे अर्ज अनुदानाची वाट न पाहता आजच टाका. दहा रुपये आणि तीस दिवस एवढीच ती गुंतवणूक आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. तो वाचल्याखेरीज विहिरीवर जाऊ नका. अंदाजपत्रकात छपाईपूर्वी मजकूर वाचणाऱ्या वकिलाचे शुल्क आणि कंपनीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला उत्तरासाठी दिलेल्या दिवसांची मुदत, या दोन्ही गोष्टी असू द्या.

प्रश्न २ : एका पत्रकाराबरोबर नदीच्या पाण्यावर काम करण्याचा प्रस्ताव माझ्याकडे आला आहे. माझी मोजमापे आधी वर्तमानपत्रात आली तर शोधनिबंध नाकारला जाईल का? आणि त्याने माझ्या आकड्यांना भडक मथळा दिला तर मी काय करू शकते?

उत्तर : पहिली भीती निराधार नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी १९६९ मध्ये नियम घातला की अन्यत्र प्रसिद्ध झालेले निष्कर्ष त्यांचे नियतकालिक छापणार नाही, आणि तो नियम कमीअधिक प्रमाणात अनेक ठिकाणी पसरला. पण तो सर्वत्र सारखा कडक नाही. वरच्या उत्तरातील पीफासचे काम आधी वृत्तपत्रांत आले आणि नंतर त्याचा शोधनिबंधही झाला. आपण ज्या नियतकालिकाकडे जाणार त्याचे धोरण आधी वाचून पाहावे, शंका असल्यास संपादकांना पत्र लिहावे, आणि आलेले उत्तर पत्रकारालाही दाखवावे.

दुसऱ्या प्रश्नाला अनुदानाच्या करारातच जागा करून घेता येते आणि ती घ्यावी. माझा अनुभव असा की शास्त्रज्ञ संपूर्ण लेख मंजूर करण्याचा हक्क मागतात, पत्रकार तो देत नाहीत, आणि बोलणी तिथेच तुटतात. पत्रकाराचे न देणे योग्यच आहे. लेखातील इतर माणसांच्या मुलाखती, अधिकाऱ्यांची उत्तरे, कागदपत्रांचे वाचन यांवर रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने हुकूम चालवण्याचे कारण नाही. आपण एवढेच मागा: मोजमापे, त्यांतून निघणारी विधाने, तक्ते व आलेख, आणि ज्या मथळ्यात आकडा किंवा रसायनाचे नाव आहे तो मथळा, हे छपाईपूर्वी आपल्या नजरेखालून जावेत, आणि ‘हे यातून सिद्ध होत नाही’ असे आपण लेखी कळवल्यास ते वाक्य छापले जाऊ नये. उलट आपले निष्कर्ष पत्रकाराच्या गृहीताच्या विरुद्ध निघाले तरी ते दडवले जाणार नाहीत, हेही त्याच कागदावर हवे. बातमी नाही म्हणून आकडे टेबलाच्या खणात गेले, असे होऊ नये. अनुदान घेतलेल्या कामात तर मुळीच नाही.

अमेरिकेतील फ्लिंट शहराचे उदाहरण आपल्या कामाशी जवळचे आहे म्हणून सांगतो. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराने पाणी फ्लिंट नदीतून घेण्यास सुरुवात केली आणि नळ गंजू नयेत म्हणून करावी लागणारी प्रक्रिया केली नाही. जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरू लागले. कर्ट गायेट हे पत्रकार फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानावर तिथल्या एका नागरी हक्क संघटनेसाठी काम करीत होते. पर्यावरण संरक्षण संस्थेतील एका अधिकाऱ्याचे अंतर्गत टिपण त्यांनी २०१५ च्या जुलैमध्ये उघड केले. पुढे व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांच्या गटाने ३०० नमुनापेट्या पाठवल्या, रहिवाशांनी आणि गायेट यांनी त्या घरोघरी पोहोचवल्या, कशा भरायच्या ते समजावून सांगितले आणि परत गोळा केल्या. बाटल्या वाटणे पत्रकाराकडे आणि रहिवाशांकडे, मोजणे आणि अर्थ लावणे शास्त्रज्ञांकडे, अशी कामाची वाटणी होती. सरकारी अधिकारी अनेक आठवडे आकडे खोटे ठरवीत राहिले. सप्टेंबरात तिथल्या बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतीशा यांनी मुलांच्या रक्तातील शिशाचे आकडे मांडल्यावर ऑक्टोबरात शहराचे पाणी पुन्हा बदलले गेले. पत्रकाराचा पगार एका दात्याकडून आणि प्रयोगशाळेचा खर्च दुसरीकडून, हेही तिथे घडले. म्हणूनच पहिल्या उत्तरात मी दोन अर्जांचा आग्रह धरला आहे.

आपण शासकीय महाविद्यालयात असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ जरूर पाहा. निव्वळ शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला या प्रकारच्या नियमांत सहसा मोकळीक असते, पण शासनाच्या धोरणावर टीका वाटेल असे एक वाक्य आपल्या तोंडी छापून आले तर ती मोकळीक पुरत नाही. प्राचार्यांना आधी पत्र द्या आणि त्याची पोच ठेवा. खासगी अनुदानित संस्थेत असाल तरी पोच ठेवाच.

प्रश्न ३ : पैसे घेतले की खाल्ल्या मिठाला जागावे लागते. अनुदानावर चालणारी शोधपत्रकारिता आणि जाहिरातींवर चालणारी पत्रकारिता यांत मला फरक दिसत नाही. आपले मत?

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिला चांगला दाखलाही आहे. कोलोराडो विद्यापीठात २०१२ ते २०१४ या काळात वैद्यकीय पत्रकारांसाठी परिषदा झाल्या. त्यांचा खर्च कोका-कोला कंपनीने उचलला होता आणि आलेल्या पत्रकारांपैकी अनेकांना ते ठाऊक नव्हते. हे प्रकरण २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने उजेडात आणले. लठ्ठपणावरील चर्चेत व्यायामावर भर आणि साखरेकडे काणाडोळा, ही कंपनीला सोयीची मांडणी होती.

पण १९६९ चे दुसरे उदाहरणही पाहा. पत्रकार सीमोर हर्श यांना व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी केलेल्या हत्याकांडाची कुणकुण लागली तेव्हा अमेरिकेतील ‘फंड फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नलिझम’ या नव्या निधीने त्यांना सुरुवातीला २५० डॉलर दिले, मागाहून आणखी २,००० डॉलर दिले. त्या २५० डॉलरांत प्रवास आणि दूरध्वनी एवढेच भागले असेल. निधी देणाऱ्याला त्या बातमीत विकण्यासारखे काही नव्हते, आणि मला फरक दिसतो तो इथे. देणाऱ्याचा धंदा विषयात गुंतलेला आहे का, आणि मजकूर छपाईपूर्वी पाहण्याचा हक्क त्याने मागितला आहे का, हे दोन प्रश्न मी प्रत्येक करारपत्र वाचताना विचारतो. पाण्यावरच्या वृत्ताला जलशुद्धीकरण यंत्रे विकणाऱ्या कंपनीच्या प्रतिष्ठानाकडून अनुदान येत असेल, तर ते प्रतिष्ठान कितीही सज्जन असले तरी मी ते घेणार नाही.

शास्त्रज्ञाच्या बाजूचे मीठही विसरू नका. पत्रकाराचा दाता आपण तपासतो, परंतु त्याच्यासोबतच्या प्राध्यापकाची प्रयोगशाळा ज्या उद्योगाविषयी वृत्त आहे त्याच उद्योगाच्या सल्लागार शुल्कावर चालते आहे का, हे कोणी विचारीत नाही. दोघांनीही गेल्या काही वर्षांतील आपले उत्पन्नाचे स्रोत एकमेकांना लेखी सांगावेत आणि लेखाच्या तळाशी दात्याचे नाव, रक्कम आणि कोणत्या कामासाठी, हे तीन तपशील छापावेत. रक्कम छापायला आपल्याकडे फार संकोच वाटतो. तो संकोच सोडला तर आपल्यासारख्या वाचकाला खात्री करून घ्यायला काही तरी हाती लागेल.

जाहिरातींशी तुलना मात्र मला पटत नाही. जाहिरातदार पुढच्या महिन्यातही लागतो. ठरावीक कामाचे अनुदान काम संपले की संपते आणि ही त्याची मोठी अडचणही आहे. वृत्त छापून आल्यावर कारखान्याची नोटीस येते, मंडळ फेरतपासणी जाहीर करते, गावकरी पुन्हा फोन करतात, आणि तोवर अनुदान संपून पत्रकार पदरमोड करू लागलेला असतो. दात्यांनी रकमेचा काही भाग प्रसिद्धीनंतरच्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवावा, असे मी जमेल तिथे सांगत आलो आहे. आजवर एकाने ऐकले.

प्रश्न ४ : पत्रकारितेसाठी मिळालेल्या अनुदानावर आयकर लागतो का?

उत्तर : शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला करमाफी आहे, ती पत्रकारितेच्या अनुदानालाही आपोआप लागू होते असे समजू नये. बहुधा ती व्यावसायिक जमा धरली जाते आणि देणारा मुळातच कर कापून घेतो. होडीचे भाडे, बर्फ, टपाल, प्रयोगशाळेचे देयक यांच्या पावत्या तारखेसह जपून ठेवा, म्हणजे तो खर्च जमेतून वजा करता येईल. होडीवाले पावती देत नाहीत, तेव्हा वहीत रक्कम लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्यावा आणि सनदी लेखापालाला ती वही दाखवावी.